कोलंबीच्या टरफलांचा अर्क आणि मेथीचे रोप : प्राणिज अर्कांची चाचणी प्रथमच करणाऱ्यांसाठी

प्राणिज पदार्थ झाडांना मानवतात, हे आपल्याकडे कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. कोकणात नारळाच्या आळ्यात मासळीचे खत पडते, आणि सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात मांस, मज्जा व मासे शिजवून, आंबवून केलेले कुणपजल सांगितलेले आहे. प्रयोगशाळेतला पुरावाही जुना आहे. इंडोल अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे आज प्रत्येक वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असलेले ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक, 1934 मध्ये क्योगल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मानवी मूत्रातून वेगळे केले. 1955 मध्ये विस्कॉन्सिन येथे स्कूग यांच्या प्रयोगशाळेत मिलर यांना पेशीविभाजन घडवणारे कायनेटिन सापडले, ते हेरिंग माशाच्या शुक्रपेशींतील डीएनएमधून. तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला किंवा एम. एस्सी.ला असलेल्या विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी हा विषय निवडला तर त्यात चुकीचे काही नाही. अडचण पुढे येते. एका पेट्री डिशमध्ये अर्क, दुसरीत पाणी, अर्कातली मुळे लांब भरली की ‘अर्क वाढीस पोषक आहे’ असा निष्कर्ष, अशा रीतीने उरकलेले प्रकल्प दरवर्षी पाहायला मिळतात. प्राण्याच्या ऊतीचा अर्क म्हणजे एक पदार्थ नव्हे. त्यात मीठ असते, अमोनिया असतो, अमिनो आम्ले असतात, जिवाणू असतात आणि त्याचा सामूही (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचे माप) पाण्याहून वेगळा असतो. यांपैकी रोपावर परिणाम नेमका कशाचा झाला, हे नुसत्या पाण्याशी तुलना करून कळत नाही. पुढील सर्व पायऱ्या या एका अडचणीवर मात करण्यासाठी आहेत.

प्रश्न आधी, अर्क नंतर

अर्क करायला घेण्यापूर्वी आपल्याला काय विचारायचे आहे ते वहीत एका वाक्यात लिहावे. ‘हा अर्क खत म्हणून चालेल का’ आणि ‘या अर्कात वाढीवर परिणाम करणारे द्रव्य आहे का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळ्या प्रयोगांतून मिळतात. मूग किंवा मेथीचे रोप पहिले चार-पाच दिवस बीजदलांत साठवलेल्या अन्नावर जगते आणि बाहेरच्या नत्राची त्याला फारशी गरज भासत नाही. म्हणून पेट्री डिशमधील चाचणी मुख्यतः दोन गोष्टी दाखवते: अर्क रोपाला घातक आहे का, आणि संप्रेरकासारखा काही परिणाम त्यात आहे का. खताचा गुण पाहायचा असेल तर धुतलेल्या वाळूच्या कुंड्यांत किमान तीन आठवडे रोपे वाढवावी लागतात, म्हणजे बीजदले सुकून गेल्यावर रोप कशावर जगते ते दिसते. माझ्या मते नवख्याने पेट्री डिशपासूनच सुरुवात करावी, मात्र तिच्याकडून खताविषयीचे उत्तर मागू नये.

कच्चा माल

मुंबईत कोलंबीची टरफले आणि डोकी मिळवणे सोपे आहे. ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्यावर पहाटे गेल्यास कोलंबी सोलणाऱ्या बायकांकडे त्यांचे ढीग असतात. दादर, अंधेरी, वर्सोवा येथील बाजारांतही सकाळी विचारले तर कोळीण वेगळे काढून ठेवते. तरी तीन गोष्टी पाहाव्यात. सोललेला माल बराच वेळ उघड्यावर पडलेला नसावा, कारण मुंबईच्या उकाड्यात प्रथिने काही तासांत कुजू लागतात आणि मग आपण कोलंबीचा अर्क नव्हे, तर कुजण्याचा अर्क तपासत असतो. कोलंबी काळी पडू नये म्हणून काही ठिकाणी तिच्यावर मेटाबायसल्फाइटची प्रक्रिया करतात. तशी केली आहे का हे विचारून वहीत नोंदवावे. तिसरी गोष्ट वेळापत्रकाची आहे. पावसाळी मासेमारी बंदीत, म्हणजे जूनच्या आरंभापासून जुलै संपेपर्यंत, यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत. त्या काळात बाजारात आलेला माल गोठवलेला किंवा शेततळ्यातला असण्याची शक्यता जास्त असते. प्रयोगाच्या मध्यावर मालाचा प्रकार बदलला तर आधीच्या आणि नंतरच्या निकालांची तुलना करता येत नाही.

बाजारातल्या टाकाऊ भागांवर काम करण्याचा आणखी एक फायदा असा की प्रयोगासाठी कोणताही प्राणी मारावा लागत नाही. पाठीचा कणा असलेल्या जिवंत प्राण्यांवर प्रयोग करायचे तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील समितीचे नियम आणि संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी आवश्यक ठरते. किनाऱ्यावर सापडलेले काहीही उचलून आणू नये; समुद्रकाकडी, समुद्रघोडा, प्रवाळ आणि काही शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ज्यांना कोलंबी किंवा खेकडा खाल्ल्यावर अ‍ॅलर्जी येते, त्यांनी हा विषय निवडू नये, कारण टरफले वाटताना उडणारे सूक्ष्म कण श्वासावाटे जातात. इतरांनीही हातमोजे आणि मास्क वापरावा. कोलंबीच्या डोक्यावरचा काटा पातळ हातमोज्यातून सहज टोचतो आणि अशी जखम चिघळते.

अर्क तयार करणे

टरफले प्रथम नळाच्या पाण्याने आणि मग दोनदा डिस्टिल्ड पाण्याने धुवावीत. बर्फाचे आणि समुद्राचे पाणी त्यांना चिकटलेले असते आणि समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे इथे हात आखडता घेतला तर पुढे विद्युतवाहकतेत, म्हणजे द्रवातील क्षारांच्या मापात, ते दिसते. पाणी निथळल्यावर 50 ग्रॅम टरफले 500 मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात मिक्सरमध्ये वाटावीत, चार पदरी मलमलीतून गाळावीत आणि गाळलेले पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला 5000 फेऱ्यांवर 15 मिनिटे फिरवून वरचा निवळ भाग घ्यावा. हा झाला 10 टक्के अर्क. त्याच टरफलांतला थोडा भाग वजन करून ओव्हनमध्ये 70 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा, म्हणजे ओल्या वजनामागे कोरडे वजन किती ते कळते. ओलावा दर खेपेला बदलत असल्याने नुसत्या ओल्या वजनावर दिलेली टक्केवारी दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडत नाही. अर्क लहान लहान बाटल्यांत भरून उणे 20 अंशांवर ठेवावा आणि एकदा वितळवलेली बाटली पुन्हा गोठवू नये.

अर्क निर्जंतुक करावा की नाही, हा खरा वादाचा मुद्दा आहे. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर 15 मिनिटे ठेवल्यास जिवाणू मरतात, परंतु अर्कही तोच राहत नाही. कायनेटिनची हकिगत इथे मुद्दाम लक्षात ठेवावी: मिलर यांना डीएनएच्या एका जुन्या बाटलीत पेशीविभाजन घडवणारा गुण आढळला, ताज्या डीएनएत तो नव्हता, आणि ताजा डीएनए ऑटोक्लेव्ह केल्यावर मात्र तो आला. उष्णतेने एक नवेच द्रव्य तयार झाले होते. 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून अर्क काढल्यास हा प्रश्न येत नाही, पण प्रथिनांनी गाळणी चटकन तुंबते, म्हणून आधी 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून तो काढून घ्यावा लागतो. अजिबात निर्जंतुक केला नाही, तर अर्कातले आणि बियांवरचे जिवाणू अर्कातील ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्वतःच इंडोल अ‍ॅसेटिक आम्ल बनवू शकतात आणि त्याचे श्रेय कोलंबीला जाते. शक्य असल्यास एकाच अर्काचे दोन भाग करावेत, एक गाळलेला आणि एक ऑटोक्लेव्ह केलेला, आणि दोन्ही शेजारी शेजारी तपासावेत. दोहोंतील फरक हाच पुष्कळदा प्रकल्पातला सर्वांत वाचनीय भाग ठरतो.

तयार अर्काचा सामू आणि विद्युतवाहकता लगेच मोजावी. टरफलांत कॅल्शियम कार्बोनेट असल्याने अर्क अल्कलीकडे झुकू शकतो, आणि सामू 8 च्या वर जाऊ लागला की अमोनियमचा वाढता भाग मुक्त अमोनियाच्या रूपात येतो, जो कोवळ्या मुळांना जाळतो. सामू 6.5 च्या आसपास आणण्यासाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल वापरता येते, मात्र त्यानेही क्षार वाढतात. म्हणून विद्युतवाहकता सामू बदलण्यापूर्वी आणि नंतर अशी दोनदा नोंदवावी.

बाजारात कोलंबी-खेकड्यांच्या टरफलांपासून केलेले तयार कायटोसान मिळते आणि काहींना तेच वापरण्याचा मोह होतो. कायटोसान साध्या पाण्यात विरघळत नाही, ते एक टक्का अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवतात, आणि अ‍ॅसेटिक आम्ल स्वतःच बियांची उगवण रोखते. तेव्हा त्या प्रयोगात तेवढ्याच अ‍ॅसेटिक आम्लाचा आणि तेवढ्याच सामूचा वेगळा कंट्रोल, म्हणजे केवळ तुलनेसाठी लावलेली डिश, नसेल, तर निकालाला अर्थ उरत नाही.

बियाणे

वाण्याकडची मेथी किंवा मूग किती जुने आहेत आणि कुठे साठवले होते, हे कोणी सांगू शकत नाही. महाबीज किंवा कृषी विद्यापीठाच्या विक्रीकेंद्रातून वाणाचे नाव आणि तारीख असलेले बियाणे घ्यावे, परंतु त्यावर बुरशीनाशकाचा गुलाबी-लाल थर नाही याची खात्री करावी. मेथी लहान, सरळ मुळांची आणि मोजायला सोयीची आहे. मूग मिठाला संवेदनशील असल्याने त्यात क्षारांचा परिणाम लवकर दिसतो. पहिल्या प्रयोगाला मेथी बरी. फुटकी व सुरकुतलेली बियाणी वेचून काढावीत, उरलेली एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये तीन मिनिटे ठेवावीत आणि डिस्टिल्ड पाण्याने चार-पाच वेळा धुवावीत. आधी नुसत्या पाण्यावर उगवण पाहावी. ती 90 टक्क्यांच्या खाली असेल तर ते बियाणे सोडून द्यावे.

कंट्रोल किती आणि कोणते

डिस्टिल्ड पाण्याचा कंट्रोल हवाच, आणि ते डिस्टिल्डच असावे. मुंबईच्या नळाचे पाणी पिण्यास उत्तम असले तरी त्यात क्लोरीन असते. त्याखेरीज अर्काच्या विद्युतवाहकतेशी जुळणारे मिठाचे द्रावण ठेवावे. साधारण एक ग्रॅम मीठ एक लिटर पाण्यात घातले की विद्युतवाहकता 2 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या जवळ जाते, तिथून मीटर पाहत थोडे कमी-जास्त करावे. सर्व मात्रांसाठी हे शक्य नसेल तर निदान सर्वांत तीव्र आणि मधल्या मात्रेसाठी करावेच. अर्कातली मुळे आणि मिठाच्या पाण्यातली मुळे सारखीच आखूड निघाली, तर कोलंबीविषयी वेगळे काही लिहिण्यासारखे उरत नाही.

मफल भट्टी उपलब्ध असेल तर आणखी एक कंट्रोल फार उपयोगी ठरतो: अर्काचा ठरावीक भाग आटवून 550 अंशांवर त्याची राख करावी, ती तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यात घेऊन सामू जुळवावा आणि गाळून वापरावी. यात सेंद्रिय द्रव्ये आणि नत्र निघून जातात, खनिजे राहतात. अमोनियाचा संशय असल्यास अमोनियम क्लोराइडचे समान सामूचे द्रावण हा त्याचा साथीदार. संप्रेरकाचा दावा करायचा असेल तर ज्ञात तीव्रतेच्या इंडोल अ‍ॅसेटिक आम्लाची मालिकाही लावावी, आणि मूळ व खोड वेगळे मोजावे, कारण खोड वाढवणारी ऑक्सिनची मात्रा मुळाची वाढ रोखू शकते. ‘रोपाची एकूण लांबी’ एवढाच आकडा ठेवला तर हे दोन विरुद्ध परिणाम एकमेकांना झाकून टाकतात.

मांडणी

पहिल्या फेरीत फक्त अंदाज घ्यावा: 10, 1 आणि 0.1 टक्का अर्क आणि पाणी, प्रत्येकी तीन डिश. तीव्र अर्कात बहुधा काही उगवणार नाही आणि अतिविरल अर्कात पाण्याहून फरक दिसणार नाही. कुठे बदल होतो ते कळले की त्या पट्ट्यात पाच-सहा मात्रा निवडून खरा प्रयोग लावावा. कमी मात्रेत वाढ आणि जास्त मात्रेत रोध हे चित्र अनेक द्रव्यांत दिसते, म्हणून एकाच मात्रेवर केलेल्या प्रयोगावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

90 मिलिमीटरच्या पेट्री डिशमध्ये गाळणकागदाचे दोन थर घालावेत, पिपेटने बरोबर 4 मिलिलिटर द्रव सोडावा आणि मेथीची 20 बियाणी समान अंतरावर मांडावीत. मूग असेल तर 10 पुरेत, आणि द्रव 5 मिलिलिटर. प्रत्येक मात्रेच्या पाच डिश कराव्यात. डिशवर मात्रेचे नाव न लिहिता सांकेतिक आकडा लिहावा आणि त्याची यादी सहकाऱ्याकडे ठेवावी, म्हणजे मोजणाऱ्याला आपण काय मोजतो आहोत ते ठाऊक राहत नाही. डिशची जागा चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकाच्या यादृच्छिक आकड्यांनी ठरवावी आणि रोज ती बदलावी. तीव्र अर्काच्या डिश आणि पाण्याच्या डिश एकाच बंद डब्यात मात्र ठेवू नयेत. अमोनिया हवेतून पसरतो आणि कंट्रोललाच बाधा होते.

तापमान 25 अंशांच्या आसपास स्थिर असावे. बीओडी इन्क्युबेटर (तापमान स्थिर ठेवणारे कपाट) नसल्यास वातानुकूलित खोली चालते, पण मुंबईतल्या कित्येक महाविद्यालयांत वातानुकूलन संध्याकाळी बंद होते आणि रात्री खोली तापते, म्हणून कमाल-किमान तापमापी जवळ ठेवून रोजचे दोन्ही आकडे लिहावेत. अंधार की उजेड हे आधी ठरवावे आणि सर्व डिशना सारखेच द्यावे. अंधारात खोड लांबते, त्याला अर्काचा गुण समजू नये. पावसाळ्यात बुरशीचा उपद्रव हटकून होतो. बुरशी लागलेली डिश गुपचूप काढून टाकण्यापेक्षा तिची नोंद करावी, कारण प्रथिनयुक्त अर्काच्या डिशमध्येच बुरशी जास्त येते आणि तोही एक निष्कर्षच असतो.

मोजमाप आणि हिशेब

मूळ 2 मिलिमीटर बाहेर आले की बी उगवले, असा निकष ठेवून रोज ठरावीक वेळी उगवलेली बियाणी मोजावीत. मेथीची लांबी पाचव्या दिवशी घ्यावी. अधिक थांबल्यास मुळे डिशच्या कडेला वळून गुंततात. रोपे काळ्या कागदावर पट्टीसह मांडून वरून सरळ छायाचित्र काढावे आणि इमेज-जे या विनामूल्य प्रणालीत लांबी मोजावी. वाकड्या मुळाची लांबी पट्टीने नीट येत नाही, शिवाय छायाचित्र राहिले की शंका आल्यास पुन्हा मोजता येते. न उगवलेल्या बियांचे काय करायचे हेही आधीच ठरवावे: त्यांची लांबी शून्य धरली तर उगवण आणि वाढ यांची सरमिसळ होते, म्हणून उगवलेल्यांची सरासरी लांबी वेगळी आणि उगवणीची टक्केवारी वेगळी ठेवणे मला योग्य वाटते.

दोन्ही एकत्र सांगणारा उगवण निर्देशांक कंपोस्टच्या तपासणीत झुकोनी आणि सहकाऱ्यांच्या 1981 च्या कामापासून वापरात आहे. समजा, पाण्यात 95 टक्के बियाणी उगवली आणि मुळाची सरासरी 40 मिलिमीटर आली, तर अर्कात 90 टक्के आणि 30 मिलिमीटर. उगवणीचे गुणोत्तर 0.947 आणि मुळाचे 0.75, त्यांचा गुणाकार शंभरपट करून निर्देशांक 71. 80 च्या वर विषारीपणा नाही, 50 ते 80 मध्यम आणि 50 च्या खाली तीव्र, असे सामान्यतः धरतात.

संख्याशास्त्रात सर्वांत जास्त घोटाळा होतो तो ‘किती नमुने’ या प्रश्नावर. पाच डिशमध्ये प्रत्येकी 20 बियाणी म्हणजे 100 नमुने नव्हेत. एका डिशमधली सर्व रोपे तेच पाणी आणि तीच हवा घेतात, म्हणून नमुने पाचच. प्रत्येक डिशची सरासरी काढून तीच विश्लेषणात घालावी. आणि याहून पुढचा मुद्दा मार्गदर्शकही कधी कधी विसरतात: पाचही डिशमध्ये एकाच दिवशी केलेला एकच अर्क असेल, तर निष्कर्ष त्या बाटलीपुरता खरा आहे, कोलंबीच्या टरफलांविषयी नव्हे. निदान तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या खरेदीतून अर्क करून संपूर्ण प्रयोग पुन्हा लावावा. त्यासाठी डिशची संख्या कमी करावी लागली तरी हरकत नाही. सर्व मात्रांची तुलना पाण्याशीच करायची असेल तर प्रसरण-विश्लेषणानंतर (ANOVA) डनेटची चाचणी, आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी करायची असेल तर टुकीची. दोन्ही ‘आर’ या मोफत संगणकप्रणालीत होतात. उगवण ही हो-नाही प्रकारची माहिती असल्याने तिला सरासरीचे गणित न लावता लॉजिस्टिक पद्धत वापरावी.

अहवालात कोलंबीची जात, खरेदीची जागा व तारीख, कोरडे वजन, सामू, विद्युतवाहकता, निर्जंतुकीकरणाची रीत आणि टाकून दिलेल्या डिशची संख्या लिहावी. परिणाम न दिसलेल्या मात्राही तक्त्यात ठेवाव्यात. उरलेला अर्क आणि चोथा बेसिनमध्ये ओतू नये. ऑटोक्लेव्ह करून, थंड झाल्यावर गाळ घट्ट बांधून ओल्या कचऱ्यात द्यावा, आणि तो त्याच दिवशी उचलला जाईल अशा वेळी द्यावा, नाहीतर पुढच्या वर्षी या विषयाला विभागाची परवानगी मिळणे कठीण होते.